व्हायव्हाच्या टेबलावरचं आडनाव

‘एमबीबीएसचे मार्क पीजीला कोण विचारतं? नीट-पीजीत रँक आणा, बास.’ मेडिकलला नव्याने आलेल्या आपल्या पोरापोरींना सिनिअर हेच सांगतात. सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपली पोरं अडकतात.

बेंगळुरूत होसूर रोडवर निम्हान्स आहे. मानसोपचारात एमडी करायची इच्छा असलेल्या देशभरच्या डॉक्टरांचे डोळे तिकडे लागलेले असतात. तिथे नीट-पीजी चालत नाही. एम्स, पीजीआय, जिपमरसोबतची आयएनआय-सीईटी द्यावी लागते. त्या परीक्षेला पात्र ठरायलाच एमबीबीएसच्या सगळ्या प्रोफेशनल परीक्षांत मिळून 55 टक्के लागतात. एससी-एसटींना 50. ओबीसींना? ओपनइतकेच, 55.

आता हे टक्के घडतात कसे ते बघा. थिअरीच्या पेपरवर नाव नसतं. पण प्रॅक्टिकल आणि व्हायव्हाला विद्यार्थी परीक्षकासमोर उभा असतो. त्याचं आडनाव, रंग, कपडे, इंग्रजी बोलताना अडखळणारी जीभ, सगळं टेबलावर असतं. डॉक्टरांच्या घरातल्या मुलाला दोन प्रश्न आणि ‘बाबा कसे आहेत?’, आपल्या मुलीला पहिल्याच उत्तरावर ‘नेक्स्ट’. वर बंद खोलीतल्या त्या पाच मिनिटांची ना नोंद राहते, ना फेरतपासणी होते.

हे रडगाणं आहे म्हणणाऱ्यांनी सुखदेव थोरात समितीचा 2007 चा अहवाल वाचावा. केंद्र सरकारनेच नेमलेली समिती, विषय दिल्लीचं एम्स. तिथल्या ज्या एससी-एसटी विद्यार्थ्यांशी समिती बोलली, त्यांतल्या सुमारे 84 टक्क्यांनी प्रॅक्टिकल आणि व्हायव्हाचं मूल्यमापन अन्यायाचं असल्याचं सांगितलं. पुढे दिल्लीच्याच वर्धमान महावीर मेडिकल कॉलेजात आरक्षित जागांवरची मुलं एकाच विषयात, फिजिऑलॉजीत, पुन्हा पुन्हा नापास होत राहिली. भालचंद्र मुणगेकरांच्या चौकशीने 2012 मध्ये त्यामागची जात दाखवून दिली. थोरात आणि मुणगेकर, दोघेही महाराष्ट्राचे. आपल्याकडच्या किती मेडिकल कॉलेजांत हे अहवाल कुणी उघडून पाहिले असतील?

नापास होण्याची किंमत मार्कांपुरती नसते. एक विषय अडकला की बॅच सुटते, इंटर्नशिप उशिरा संपते, पीजी प्रवेशासाठी इंटर्नशिप पूर्ण करायची तारीख हुकते. वर्ष गेलं. घरी बाप कर्ज फेडतोय, धाकटी बहीण बारावीला आहे, आणि हिला आणखी एक वर्ष कोचिंगच्या शहरात खोली भाड्याने घ्यायची आहे. बऱ्याच जणी इथेच पीजीचा नाद सोडतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘संधी दिली तरी पुढे येत नाहीत.’

गुणवत्तेची एवढी काळजी असणारे सप्टेंबर 2023 मध्ये कुठे होते? त्या वर्षी जागा रिकाम्या राहिल्या म्हणून नीट-पीजीचा कटऑफ सर्वच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइल केला गेला. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. खासगी कॉलेजची फी भरण्याची ऐपत असेल तर शून्यही चालतं. निम्हान्सचं दार ठोठवायचं तर मात्र व्हायव्हाचे जुने मार्क काढून दाखवायचे.

ही जुनी खोड आहे. म्हैसूर सरकारने 1962 मध्ये मेडिकल-इंजिनिअरिंगच्या 68 टक्के जागा राखीव केल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बालाजी खटल्यात तो आदेश रद्द केला. आज आपल्या गळ्यात असलेली 50 टक्क्यांची मर्यादा कर्नाटकातल्या त्या खटल्यातून आली. खुल्या स्पर्धा परीक्षांतल्या मार्कांमागे कुटुंबाची, पैशाची, जातीची पुंजी असते, हे त्याच न्यायालयाने मान्य करायला जानेवारी 2022 उजाडला, नीट-पीजीतल्या ओबीसी आरक्षणाच्या निकालात.

मग मागणी साधी आहे. आयएनआय-सीईटी स्वतःच एवढी कठीण परीक्षा आहे, तर एमबीबीएसच्या टक्क्यांची अट कशाला? काढून टाका. आणि कर्नाटकातल्या मेडिकल कॉलेजांच्या परीक्षा घेणारं राजीव गांधी आरोग्य विद्यापीठ बेंगळुरूतच, जयनगरला आहे. त्याने गेल्या दहा वर्षांचे थिअरीचे आणि व्हायव्हा-प्रॅक्टिकलचे मार्क प्रवर्गनिहाय, कॉलेजनिहाय, शेजारी शेजारी छापावेत. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानेही. नावं नकोत, नुसते आकडे द्या. नाव नसलेल्या पेपरात 60 आणि तोंडासमोर 42 असा फरक कुणाच्या वाट्याला येतो, ते आम्ही मोजू. विद्यापीठं देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.