कॉफीच्या पुड्यावरचा ‘शेतकरी’ नेमका कोण?

मागच्या महिन्यात पामला एका कार्यकर्त्याच्या घरी बैठक होती. चहाऐवजी कॉफी आली, तीही इथिओपियाची. पुड्यावर लिहिले होते की या खरेदीतून गरीब शेतकऱ्यांना आधार मिळतो. एका तरुण मित्राने लगेच सूचना मांडली: यंदा जयंतीच्या स्टॉलवर पुस्तकांसोबत ही कॉफीही विकू, जगातल्या शोषितांशी आपले नाते जुळेल. मी विरोध केला. काहींना तो कोतेपणा वाटला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न, हा ‘शेतकरी’ कोण? कॉफीची फळे हाताने तोडावी लागतात. हंगामात लहान शेतावरसुद्धा रोजंदारीचे मजूर लागतात. लंडनच्या सोआस या संस्थेतील संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडातील अशा मजुरांचा चार वर्षे अभ्यास करून २०१४ मध्ये अहवाल दिला. ‘न्याय्य व्यापारा’चे प्रमाणपत्र असलेल्या भागांतही मजुरांची स्थिती इतरांपेक्षा चांगली नव्हती, मजुरी तर अनेकदा कमीच होती. वाढीव भाव सहकारी संस्थेला मिळतो, जमीनवाल्याला मिळतो. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्या हातात काय पडते?

पालघर जिल्ह्यातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. पण ते मानांकन फळाचे आहे. झाडावर चढून चिकू उतरवणाऱ्या आदिवासी मजुराच्या रोजाशी त्याचा काही संबंध नाही. बागायतदार आणि त्याचा मजूर या दोघांना ‘शेतकरी’ हे एकच नाव दिले की मजूर दिसेनासा होतो. जातीच्या समाजात नेहमी कोण दिसेनासा होतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग मजुरी वाढते कशी? याचे उत्तर याच मातीत आहे. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगार झुगारली आणि पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसे मेली, तरी संप मोडला नाही. त्या लढ्यात गोदावरी परुळेकरांबरोबर असलेले शामराव परुळेकर १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. बाबासाहेबांनी मजूरमंत्री या नात्याने एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. मुंबईतल्या गिऱ्हाइकांनी डहाणूचे गवत चार आणे जास्त देऊन घ्यावे, असे आवाहन यांपैकी कोणीही केले नाही. त्यांनी संघटना बांधली आणि कायदा मागितला. गिऱ्हाइकाचे मन उद्या बदलते. कायद्याने ठरलेली मजुरी हक्काने मागता येते, न दिल्यास मालकाला जाब विचारता येतो.

‘मग कॉफी घ्यायचीच नाही का?’ असे मित्राने विचारले. घ्या ना. चव आवडली तर जरूर घ्या. बहिष्कार टाकला तर पहिला रोजगार त्या मजुराचाच जाईल. दोन पुड्यांपैकी एकाची संस्था मजुरांचे दर उघड सांगत असेल, तर तोच घ्या. माझा आक्षेप खरेदीला नाही, खरेदीला चळवळ म्हणण्याला आहे. दुकानात पन्नास रुपये जास्त मोजून मन हलके झाले की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. दयेचा धंदा त्यावरच चालतो.

आणि पुढचा प्रश्न त्याच खोलीत बसला होता. कॉफी पिणाऱ्यांत तिघे कंत्राटी कामगार होते, रोज पामहून तारापूरच्या कारखान्यांत जाणारे. मी विचारले, तुमच्या कामाचे किमान वेतन किती, माहीत आहे? तिघेही गप्प. पगाराची स्लिप? कंत्राटदार देत नाही. इथिओपियाच्या मजुराची काळजी करणाऱ्या बैठकीत शेजारी बसलेल्या मजुराचा पगार कोणी विचारला नव्हता. त्यात मीही आलो.

म्हणून माझी सूचना अशी. जयंतीच्या स्टॉलवर कॉफीच्या जागी एक मोठा फलक लावू. त्यावर सध्याचे किमान वेतनाचे दर लिहू. शेजारी टेबल टाकून दोघांनी बसायचे आणि ज्याला स्लिप मिळत नाही, त्याचा अर्ज तिथल्या तिथे लिहून द्यायचा. ज्या दिवशी पामचा कंत्राटी कामगार स्वतःचा दर मागायला शिकेल, त्या दिवशी इथिओपियाच्या मजुराशी त्याचे नाते आपोआप जुळेल. ते नाते गिऱ्हाइकाचे नसेल, कामगाराचे असेल.

जय भीम!