‘ईमान कमजोर’ आणि ‘केमिकल लोचा’ यांच्या पलीकडे

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या आमच्या मोहल्ल्यांत एखादी व्यक्ती महिनोन्‌महिने गप्प राहू लागली, तिची भूक-झोप उडाली, की दोन उत्तरं तयार असतात. बुजुर्ग म्हणतात, ईमान कमजोर झालंय, नाहीतर नजर लागलीय, आमिलकडे न्या. आपल्या वयाचे म्हणतात, डोक्यात केमिकल लोचा झालाय, गोळी घेतली की काम झालं. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पण पहिल्या उत्तरामुळे आजारी माणूस गुन्हेगार ठरतो, म्हणून ते जास्त घातक आहे.

आधी रसायनांबद्दल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते बहुतांशी रसायनांमार्फत. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही त्यांतली काही नावं. झोप, भूक, उत्साह, भीती या सगळ्यांत त्यांचा हात असतो. त्यांचा मनाच्या आजाराशी संबंध जोडला गेला, त्या कथेत आपल्या देशातल्या एका झुडपाचा मोठा वाटा आहे. ते झुडूप म्हणजे सर्पगंधा.

१९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ म्हटलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो हे ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळातून रिसर्पिन हे औषध मिळालं. त्याने रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण खोल उदासीत गेल्याच्या नोंदी होऊ लागल्या. १९५५ मध्ये दिसून आलं की रिसर्पिनमुळे सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मग तर्क निघाला की रसायन कमी झालं म्हणजे नैराश्य येतं.

हा तर्क सोपा होता, म्हणूनच तो जगभर पसरला. पण नैराश्यावरच्या गोळ्या काही तासांत सेरोटोनिनवर परिणाम करतात, तरी माणसाला बरं वाटायला काही आठवडे लागतात. फक्त रसायनाची भरपाई करायची असती तर एवढा वेळ का लागावा? २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. सेरोटोनिन कमी असल्यामुळेच नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ गोळ्या बिनकामाच्या, असा मुळीच नाही. अनेकांना त्यांचा फायदा होतो आणि बायपोलर आजारात लिथियम जीव वाचवतं. अर्थ एवढाच, की मेंदू म्हणजे एक रसायन ओतलं की समतोल होणारा तराजू नव्हे.

मग बाकी काय असतं? एक तर शरीर. आपल्याकडच्या कित्येक बायका ‘उदास वाटतं’ असं कधीच म्हणत नाहीत. त्या म्हणतात, छातीत धडधडतं, कंबर धरते, पोटात कालवतं, डोकं जड होतं. मग ईसीजी, सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या होतात. सगळं नॉर्मल आलं की घरचे म्हणतात, नाटकं करते. ते दुखणं खोटं नसतं. सततच्या ताणात कॉर्टिसोल वाढतं, झोप तुटते, साखर आणि रक्तदाब बिघडू शकतो. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं, हेही लक्षात ठेवा. उलटही घडतं. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस उदास आणि सुस्त होतो. म्हणून आधी डॉक्टरची तपासणी हवी.

दुसरी गोष्ट आपली परिस्थिती. कमावता माणूस दुबई-कुवेतला, बायको इथे सासू-सासरे आणि पोरं सांभाळतेय, आणि दोघंही फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणतायत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. सुपारीचं झाड पुन्हा उत्पन्न द्यायला वर्षं घेतं. ही काळजी कुठल्याही गोळीने पुसली जात नाही. तिला माणसांची सोबत आणि पैशाचा आधारही लागतो.

यातलं काहीही आपल्या परंपरेला परकं नाही. अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने हजारहून अधिक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. एक दुःख उघड कारणाने येतं, दुसरं कारण दिसत नसताना येतं आणि त्याचं मूळ शरीरात असतं, असा फरक त्याने केला. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला त्याने कमजोर ईमानाचा म्हटलं नाही, शरीराचे उपचार सांगितले. दुआ करावी, जरूर करावी. पण दुआ करतो म्हणून मधुमेहाचं इन्सुलिन आपण बंद करत नाही.

रमजानमध्ये तर हे फार जपायला हवं. काही जण रोज्यांसाठी मनाच्या आजारावरच्या गोळ्या परस्पर बंद करतात. अचानक बंद केल्याने आजार उलटू शकतो. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला, गोळ्यांच्या वेळा बदलता येतात का ते विचारा. आणि ते रोजा नको म्हणाले तर ऐका. आजाऱ्याला दिलेली सवलत मनाच्या आजाऱ्यालाही आहे.

आता जमातींना आणि आपल्या वयाच्या मुला-मुलींना माझं सांगणं. श्रीवर्धनहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन यायचं तर दिवस मोडतो. पण केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी हा नंबर लिहायला काय हरकत आहे? जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी या विषयावर बोलावं, महिलांच्या इज्तेमात एखाद्या डॉक्टरला बोलवावं. आणि कुणी मरणाची भाषा केली, तर ‘तौबा कर’ म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी फोन लावा.