दगड कुठल्या गेममधला?

काका म्हणतात, पबजीनं पोरं बिघडली. काका, मुंबईच्या गोदीत पाळी सुटली की मीपण गेम खेळतो. गोणी उचलून अवघडलेल्या बोटांनी गोळ्या झाडतो, मरतो, झोपतो. अजून कुणाचं दुकान फोडलेलं नाही.

सरकारनं २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी घातली. पोरं सुधारली? ७ जून २०२३ ला आपल्या कोल्हापुरात, शाहूंच्या गावात, दगड उडाले. निमित्त मोबाईलवरच्या औरंगजेबाच्या स्टेटसचं. स्टेटस ठेवणारी पोरं, दगड मारणारीही पोरं. बंदची हाक मात्र हिंदुत्ववादी संघटनांची, त्यातल्या चांगल्या जाणत्या बाप्यांची. मग सरकारनं काय बंद केलं? इंटरनेट!

काका, ते बाप्ये कुठला गेम खेळत होते? त्यांच्या घरची पोरं त्या गर्दीत होती का, तेवढं विचारून या. मी थांबतो.