तंबूतही नियम पाळता येतात



"कॅम्पिंगला गेलं की नियम सुटतातच," असं हल्ली सगळ्यांकडून ऐकते. मुली नियम बाजूला ठेवून जातात, मोठ्या बायका नियमांसाठी घरी राहतात. मला दोन्ही पटत नाही.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि आम्ही डोंबिवलीच्या पाच जणी अरवलीत राहून आलो. बोरिवलीहून फालन्याची गाडी, तिथून राणकपूर. १४४४ खांबांच्या चौमुखजी मंदिरात आदिनाथदादांचं दर्शन घेतलं. मग जवळच्याच एका शेतावर, मालकाला विचारून, दोन रात्री तंबूत राहिलो. गुजरातपासून दिल्लीपर्यंत गेलेली ही डोंगररांग थारच्या वाळवंटाला पूर्वेकडे सरकू देत नाही. तिच्या पश्चिमेला मारवाडचा कोरडा मुलूख.

अशा मुलखात पाणी जपूनच वापरावं लागतं. थाळी धुऊन पिण्याची आपली रीत घरी नळ चालू असताना मुलींना जुनाट वाटते. तिथे पाच थाळ्यांना पाच पेले पाणी पुरलं. उष्टं उरलं नाही, मुंग्या आल्या नाहीत. विहिरीचं पाणी दुहेरी गाळण्याने गाळलं, संखारा त्याच विहिरीत अलगद सोडला, मग पाणी उकळलं. ठेपले मुद्दाम नेले नाहीत, दुसऱ्या दिवशी ते वासी होतात. खाखरे, सुकी भेळ आणि छोट्या गॅसवर मुगाची खिचडी, एवढ्यात भागलं.

चोविहार तर तिथे घरच्यापेक्षा सोपा. घरी यांची लोकल सातला येते, मुलांचा क्लास आठला सुटतो. तिथे सहाच्या आत जेवण उरकलं की अंधारात चूल नाही, दिव्यावर येणारे किडेही नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले: शेकोटी नको. "शेकोटीशिवाय कॅम्पिंग कसलं?" असं एक मैत्रीण म्हणालीच. पण जाळावर झेपावणारे पतंग, लाकडातले जीव यांचं काय? शिवाय कोरड्या डोंगरात तोडलेलं झाड पुन्हा वाढायला कितीतरी वर्षं लागतात. आपल्या ऊबेसाठी एवढं कशाला? आम्ही शाली पांघरून प्रतिक्रमण केलं आणि नंतर चांदण्यात गप्पा मारल्या. थंडी वाजली, पण सोसवली.

म्हणून सांगते, मुलीने कॅम्पिंगला जायचं म्हटलं तर लगेच "नको" म्हणू नका. तंबू ठोकण्याआधी जमिनीवर मुंग्यांची बिळं कशी बघायची ते शिकवा, पिशवीत गाळणं आणि खाखऱ्याचा डबा द्या. जयणा तिच्याबरोबर गेली, तर डोंगरालाही तिचा त्रास होणार नाही.