फुलब्राइट: निवड झाली तरी खात्री नाही

रायपूरच्या शंकर नगरातील एखाद्या अनुभवी प्राध्यापकास अमेरिकेत संशोधन करावयाचे असल्यास फुलब्राइट-नेहरू पाठ्यवृत्ती हा प्रमुख मार्ग आहे. मुदत चार ते नऊ महिने. १९५० च्या करारातून आलेल्या या उपक्रमात २००८ च्या नव्या करारानंतर भारत खर्चाचाही समान भागीदार आहे.

जून २०२५ मध्ये मात्र अमेरिकेतील फुलब्राइट मंडळाच्या जवळपास सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. २०२५-२६ साठी निवडलेल्या अनेकांना प्रशासनाने डावलल्याचा त्यांचा आरोप होता. परराष्ट्र खात्याने ही राजकीय खेळी ठरविली. खर्चात वाटा उचलणाऱ्या भारताने हा अमेरिकेचा घरगुती वाद समजू नये. प्रादेशिक विद्यापीठातील शिक्षकास रजा आणि बदली शिक्षकाची तजवीज कितीतरी आधी करावी लागते. ऐनवेळच्या नकाराने ती सारी वाया जाते.