गॅस संपत नसतो, गळत असतो

उन्हाळा लागला की बाजारात एक वाक्य हमखास कानी पडते, "एसी गरम हवा फेकतोय, गॅस भरून घ्यायला हवा." यातला पहिला भाग तक्रार आहे आणि ती खरी आहे. दुसरा भाग निदान आहे. ते गाडीवाला घरूनच ठरवून येतो आणि मिस्त्री मुकाट्याने मान हलवून नळी जोडतो. दोन महिन्यांनी पुन्हा तीच गरम हवा, पुन्हा तेच बिल. दरसाल हा तमाशा चालतो आणि दोघांपैकी कोणालाही त्यात गैर वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

मी कापडाचा व्यापारी. मालेगावहून सुरत आणि भिवंडी अशा फेऱ्यांमध्ये गॅरेजच्या बाकड्यावर बरेच तास काढले, मिस्त्रींना प्रश्न विचारले, तेवढीच माझी तालीम. पण एक गोष्ट आपल्या धंद्यातला कोणीही समजू शकतो. कापडावर उभी रेघ येऊ लागली तर जाणता जॉबर सूत बदलत बसत नाही. आधी फणी पाहतो, कुठली काडी वाकली ते शोधतो. एसीचेही तसेच आहे.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली गरमी बाहेर टाकून पातळ होतो. मग बारीक वाल्वमधून त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो केबिनची गरमी ओढून घेतो. तिथून पुन्हा कॉम्प्रेसरकडे. सगळा कारभार बंद नळ्यांतला. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे कबूल. पण एका हंगामात गॅस नाहीसा झाला तर कुठेतरी भोक आहे, हे शाळकरी पोरालाही कळावे.

आणि कित्येकदा गॅस पुरता भरलेलाच असतो. म्हणून पैसा न लागणारी तपासणी आधी. इंजिन चालू ठेवून एसीचे बटण दाबा. कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून बसतो का? (काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतोच.) बसला नाही तर फ्यूज, रिले, वायर पाहा. गॅस फार कमी असला तरी प्रेशर स्विच क्लचला बसू देत नाही, तेही ध्यानात ठेवा. गाडी धावताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, असे होत असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा चिखल-कचऱ्याने बुजलेल्या जाळीवर घ्यावा. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून पाहा, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो. बॉनेटखाली केबिनकडून परत येणारी जाड नळी हाताला थंडगार, घाम फुटलेली लागते आणि आत मात्र हवा गरम, तर गॅसला बोल लावू नका. हीटरचा पडदा अडकला असेल. तिथे दहा सिलिंडर रिते केले तरी फरक पडणार नाही.

यानंतर गेज. दोन्ही काटे खाली तर गॅस कमी. दोन्ही वर तर पंखा, जाळी, नाहीतर कोणीतरी आधीच जादा भरलेला गॅस. खालचा दाब चढलेला आणि वरचा उतरलेला, तर कॉम्प्रेसर थकला. खालचा काटा शून्याकडे किंवा त्याच्याही खाली, तर वाट कुठेतरी तुंबली. चांगला उस्ताद एवढे पाच मिनिटांत वाचतो.

गळती निघाली तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावावा. गॅसबरोबर तेलही बाहेर येते, म्हणून सांध्यावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला की चोर सापडला असे समजा. पुष्कळदा साधी रबरी रिंग निघते. ती न बदलता नुसता गॅस भरत राहिल्यास तेल घटत जाते, कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो आणि त्याचा लोखंडी चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. रिंगेची कंजुषी अशी कॉम्प्रेसरवर जाते.

दुरुस्तीनंतर निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढलाच पाहिजे. आत राहिलेला ओलावा वाल्वमध्ये बर्फ होऊन वाट अडवतो आणि गॅस-तेलाशी मिळून आम्ल तयार करतो. गॅस वजनावर भरावा. किती ग्रॅम, ते बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. "थोडा जास्त टाक भाई" म्हणणाऱ्यांनी ऐकावे, जास्त गॅसने गारवा घटतो. आणि स्वस्तात घरगुती गॅस भरून देतो म्हणणाऱ्याच्या दारातून उलट्या पावली फिरा. तो पेट घेतो, आणि आत तुमची बायकामुले बसलेली असतात.

तरी सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे मला पटत नाही. तपासणीची मजुरी देतो कोण? "नुसते पाहिले, त्याचे कसले पैसे?" असे म्हणणारे आपणच. ज्याच्या नजरेला आणि हुनराला दाम नाही, तो गॅस विकूनच पोट भरणार. गॅरेजवाल्यांनी तपासणीचा दर पाटीवर लिहावा, आणि आपण तो घासाघीस न करता द्यावा. बदल्यात चिठ्ठी मागावी. आधीचा दाब, नंतरचा दाब, भरलेला गॅस ग्रॅममध्ये, आणि झरोक्यातल्या हवेचे तापमान.

हे काम पुढे वाढणारच आहे. 2025 पासून नव्याने बनणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, म्हणजे आपला माल वाहणाऱ्या गाड्याही याच गॅरेजांत येणार. सध्याचा 134-ए गॅस ओझोनला मारक नसला तरी पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट. तो कमी करण्याचा किगाली करार 2016 साली झाला, भारताने त्याला 2021 मध्ये मंजुरी दिली. म्हणजे उद्या गॅस बदलेल, गेज बदलतील. विजेच्या गाडीत तर कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याचे तेलही निराळे. नारिंगी वायरीला शिकल्याशिवाय हात लावण्याची सोय नाही. ज्यांची पोरे गॅरेजात पान्हा धरू लागली आहेत, त्यांनी आयटीआयच्या रेफ्रिजरेशन-एसीच्या कोर्सचा फॉर्म यंदाच आणून ठेवावा.