एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग का?

नाही. ही चाचणी फक्त विषाणू शोधते. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. पेशी बिघडू लागल्या का, हे पी-१६ सारख्या जैवचिन्हाच्या तपासणीतून कळते. म्हणून ती दुसरी पायरी.

रायपुरात आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० ते ६५ वयोगटासाठी मोफत असते ती व्हीआयए: गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे. निकाल लगेच मिळतो, पण नजरेवर अवलंबून. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात (निष्कर्ष २००९) एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. व्हीआयए गटात तसा ठोस फरक दिसला नाही. तरीही, जी मिळते ती टाळू नका. एचपीव्हीबद्दल डॉक्टरांना विचारा. संबंधानंतर रक्त गेले, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.